आधी बंब, मग बल्ब

वीज वाचवायची म्हटलं की पहिला हात दिव्याच्या बटणाकडे जातो. वेळणेश्वरातल्या आमच्या घराचा गेल्या चाळीसेक वर्षांचा हिशेब मांडला, तर दिव्यांनी खाल्लं ते किरकोळच. खरं इंधन गेलं आंघोळीच्या पाण्यात आणि स्वयंपाकात. आणि जे उपाय टिकले, ते घरातल्या माणसांच्या रोजच्या कामात बसले म्हणूनच टिकले.

ऐंशीच्या दशकात घर तसं काटकसरीचंच होतं. जांभ्याच्या जाड भिंती, कौलं, पडवी. मे महिना सोडला तर पंख्याची आठवण होत नसे. जळण आगरातून येई: वाळक्या झावळ्या, करवंट्या, सोडणं. पैसे पडत नसत, पण त्याची किंमत आजीच्या आणि आईच्या डोळ्यांनी मोजली. धुरानं माजघरापर्यंतचे वासे काळे झाले होते.

1981-82मध्ये केंद्राचा राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम सुरू झाला, अनुदान मिळू लागलं आणि आमच्या गोठ्यामागेही गोबरगॅसचा खड्डा खणला गेला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण 50 किलो शेण लागतं. कोकणातली गाय चणीनं लहान, दिवसभर रानात चरणारी. तेवढं शेण गोळा करायचं तर दावणीला बरीच गुरं हवीत आणि शेण कालवायला माणूस हवा. मुलं मुंबईला गेली, गुरं कमी झाली, गॅस मंदावत गेला. संयंत्रात बिघाड काहीच नव्हता. गोठाच रिकामा झाला होता. मग सिलिंडर आला.

याच काळात आमच्याच तालुक्यात, अंजनवेलला, एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प उभा राहिला. मे 1999मध्ये 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की 2001मध्ये प्रकल्प बंद पडला. 2005मध्ये त्यासाठी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढावी लागली. त्यानंतरची काही वर्षं राज्यभर भारनियमनाची गेली आणि एवढं मोठं वीजकेंद्र असलेल्या तालुक्यातही घरोघरी कंदिलाच्या काचा पुसल्या जात होत्या. युनिट मोजायची सवय आम्हाला तेव्हा लागली.

मोजल्यावर चित्र उलटंच निघालं. 60 वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला 9 युनिटं. 9 वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. 2015च्या उजाला योजनेनंतर हे दिवे स्वस्त झाले आणि ते काम एका दुपारीत आटोपलं. पण 20 लिटरची एक बादली 15 अंशांनी तापवायला साधारण 0.35 युनिट लागतं. तेवढ्यात तोच एलईडी दीड दिवसाहून जास्त जळतो. चार माणसांच्या चार बादल्या धरल्या, की सगळ्या घराचे दिवे मागे पडतात.

म्हणून सौरबंब बसवला. ऑक्टोबर ते मे तो चोख काम करतो. पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही. तेव्हा मागीलदारचा तांब्याचा बंब पेटतो, करवंट्यांवर. धूर उघड्यावर जातो, स्वयंपाकघरात येत नाही. जुनं आणि नवं असं वाटून घेतल्यावर गिझरची गरजच उरली नाही.

आगरातला पंपही असाच आवरला. पूर्वी पाटानं शिंपणं होई, निम्मं पाणी वाटेतच मुरे. ठिबक आलं, माडांच्या आळ्यांत सोडणं पालथी घालून वर पातेरा पसरला. ओल टिकली, मोटर कमी वेळ चालू लागली.

आता छपरावरच्या सौरविजेचं चाललं आहे. 2024च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. अडचण माडांची: घरावर सावली, शिवाय झावळी पडायची भीती. खळ्यात ऊन आहे, पण ते सुपारी वाळवायला लागतं. राहिलं गोठ्याचं छप्पर. खाऱ्या वाऱ्यानं साधं लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत फुलतं, म्हणून सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेला हवा. आणि बॅटरीशिवायची यंत्रणा महावितरणची लाइन गेली की आपणहून बंद होते. निसर्ग वादळानं जून 2020मध्ये शेजारच्या दापोली-मंडणगडात कित्येक दिवस अंधार केला होता. तशा वेळी ती कामाची नाही, हे विक्रेत्यानं सांगितलं नाही तरी आपण विचारावं. उपकरण कोणतंही असो, पैसे मोजण्याआधी एवढंच ठरवावं: आषाढात त्याच्याकडे कोण बघणार? आमच्या घरात याचं उत्तर ज्याला मिळालं, तेवढंच टिकलं.