छायाप्रतीतील छटाभेद आणि पोथीचे वाचन

भाषाशास्त्रात ध्वनीचे मूल्य त्याच्या भेदकतेवरून ठरते. ज्या भेदाने अर्थ पालटतो तो राखावयाचा, बाकीचे गौण मानावयाचे. कृष्णधवल छायाचित्राच्या मुद्रणातही हाच प्रश्न येतो. काळा, पांढरा आणि मधल्या करड्या छटा यांतील अंतर कमीअधिक करणे, म्हणजेच छायाचित्रकार ज्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात त्याचे नियमन करणे, हा कोणता भेद राखावा याचा निर्णय असतो.

वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांमुळे नागपुरात पोथ्यांच्या अभ्यासाची परंपरा रुजली. अशा अभ्यासात मूळ पोथी सदैव हाताशी नसते. छायाप्रतीवर विसंबावे लागते. सीताबर्डीतील माझ्या घरच्या अंधारखोलीत मी एका जुन्या पोथीची निगेटिव्ह ‘कठोर’ कागदावर, चौथ्या श्रेणीत मुद्रित केली. अक्षरे ठसठशीत उमटली. एके ठिकाणी ‘तें’ वाचून मी नपुंसकलिंगी एकवचनाचे टिपण लिहिले. पुढे मूळ पान पाहिले, तो तेथे ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन होते! तपकिरी डाग शाईइतकाच काळा होऊन अनुस्वार झाला होता. अन्यत्र फिकट शाईचे खरे अनुस्वार कागदाच्या पांढऱ्यात लोपले होते. तीच निगेटिव्ह दुसऱ्या श्रेणीत मुद्रित करताच डाग व शाई यांच्या छटा वेगळ्या झाल्या.

मुद्रणकागदाच्या श्रेणी सामान्यतः ० ते ५ अशा असतात. ० सर्वांत मृदू, ५ सर्वांत कठोर, २ मध्यम. १९४० मध्ये इल्फर्ड कंपनीने ‘मल्टिग्रेड’ कागद आणला, तेव्हापासून एकाच कागदावर श्रेणी बदलता येऊ लागली. हा कागद निळ्या प्रकाशाने कठोर व हिरव्याने मृदू प्रत देतो. म्हणून निळा प्रकाश अडविणारा पिवळा फिल्टर छटाभेद घटवितो आणि हिरवा अडविणारा किरमिजी फिल्टर तो वाढवितो.

क्रम मात्र पाळावा. प्रथम दुसऱ्या श्रेणीत चाचणीपट्टी काढून, पानाच्या उजळ भागात किंचित छटा येईल इतका प्रकाशनकाळ ठरवावा. मग काळ्याकडे पाहावे. तो राखाडी असेल तर कठोर श्रेणी घ्यावी. त्यात तपशील बुडत असेल तर मृदू. श्रेणी बदलल्यास चाचणी पुन्हा करावी. थोडक्यात, उजळपणा प्रकाशनकाळाने साधावा, काळेपणा श्रेणीने. प्रत काळवंडते म्हणून ती डेव्हलपरमधून लवकर काढू नये. तशाने ती मळकट होते. नागपूरच्या उन्हाळ्यात डेव्हलपर २० अंश सेल्सियसवर राखण्यास बर्फाच्या पाण्याची परात लागते, हेही ध्यानी असावे.

१९६२ च्या लेखननियमांनंतर असे अनुच्चारित अनुस्वार आपल्या लेखनातून गेले. जुन्या पोथीत मात्र ते व्याकरणाचा पुरावा आहेत. यास्तव पोथीची छायाप्रत दोन श्रेणींत काढावी, आणि प्रत्येकीच्या पाठीवर श्रेणी नोंदवावी. ठळक प्रत वाचनास सोयीची. पाठनिर्णय मृदू प्रत पाहूनच करावा.