नकारानंतरची यादी

डिसेंबरच्या मध्यावरची संध्याकाळ. न्यू जर्सीतील एका मराठी घरात तिघेजण एका लॅपटॉपसमोर बसलेले असतात. ठरलेल्या वेळी विद्यापीठाचे पत्र उघडते आणि पहिल्याच ओळीत उत्तर कळते. मुलगी काही न बोलता आपल्या खोलीत जाते. आई ताट झाकून ठेवते. वडील मात्र वही ओढून घेतात आणि रात्री अकरा वाजेपर्यंत त्यात दहा नवी नावे लिहितात. प्रत्येक नाव नाकारलेल्या विद्यापीठाइतकेच दुर्लभ. त्यांचा हिशेब साधा असतो : दहापैकी एक तरी दार उघडेलच.

घर कोणतेही असू शकते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक भारतीय कुटुंबांच्या वाट्याला डिसेंबरात अशी संध्याकाळ येते. नियमित फेरीच्या बऱ्याच अर्जांची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. म्हणजे हाती उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. या काळात भरून आलेले मन आणि पुढचा निर्णय या दोहोंना वेगळे ठेवणे हीच खरी कसोटी असते.

नकाराचा नेमका अर्थ

अर्ली डिसिजन म्हणजे बांधिलकीचा अर्ज. विद्यार्थी एकाच संस्थेला सांगतो की प्रवेश मिळाल्यास मी येथेच येईन. अर्ली अॅक्शनमध्ये उत्तर लवकर मिळते, पण अशी बांधिलकी नसते. दोन्हींची उत्तरे तीन प्रकारची असतात : प्रवेश, नकार किंवा ‘डिफर’. डिफर झालेला अर्ज नियमित फेरीत पुन्हा वाचला जातो. नकार मात्र त्या वर्षापुरता अंतिम असतो; त्याच फेरीवर्षात पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणून पत्रातील शब्द नीट वाचणे हे पहिले काम.

दुसरे काम त्या नकाराला त्याच्या मापाएवढेच ठेवण्याचे. हार्वर्ड किंवा स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी अलीकडच्या वर्षांत शंभर अर्जदारांमागे जेमतेम चार जणांना प्रवेश मिळतो. उरलेल्या शहाण्णवांत वर्गात पहिले आलेले असंख्य असतात. अशा नकाराने मुलीची पात्रता मोजली जात नाही. मात्र तिची यादी एकाच उंचीवर उभी होती का, हा प्रश्न तो जरूर विचारतो.

दहा चिठ्ठ्यांचा भ्रम

वडिलांचा हिशेब गणिताने तपासून पाहता येतो. प्रत्येक ठिकाणी प्रवेशाची शक्यता पाच टक्के धरली आणि दहा ठिकाणचे निर्णय एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र मानले, तर कोठेतरी प्रवेश मिळण्याची शक्यता सुमारे चाळीस टक्के येते. म्हणजे सर्वांत उदार हिशेबातही दहाही दारे बंद राहण्याची शक्यताच अधिक. प्रत्यक्षात हे निर्णय स्वतंत्र नसतातच. तेच गुण, तीच शिफारसपत्रे, तोच मुख्य निबंध सर्वत्र जातो. एका ठिकाणी उणे ठरलेली बाजू दुसरीकडेही उणी ठरू शकते.

या हिशेबामागे एक जुनी सवयही असते. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशफेरीत पसंतिक्रमाचा अर्ज भरताना वर चार मोठी नावे घातली तरी काही बिघडत नाही. गुणवत्ता क्रमांक पुरला नाही तर खालचे नाव आपोआप लागते. अमेरिकेत तसा एकच क्रमांक नाही. कॉमन अॅप या सामाईक अर्जातून वीस संस्थांपर्यंत अर्ज करता येतो, परंतु अनेक संस्था आपले वेगळे निबंध मागतात आणि बऱ्याच ठिकाणी अर्जाचे शुल्क पन्नास डॉलरांहून अधिक असते. घाईने वाढवलेले प्रत्येक नाव आधीच्या नावांचा वेळ खाते. ‘तुम्हाला हेच विद्यापीठ का हवे?’ या प्रश्नाला दहा ठिकाणी नाव बदलून दिलेले एकच उत्तर वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते.

यादी तळापासून

घर पायापासून बांधतात, तशी यादीही खालून वर रचावी. सर्वांत आधी खात्रीची दोन नावे. खात्रीच्या नावाला तीन अटी : प्रवेश जवळजवळ निश्चित हवा, खर्च झेपणारा हवा आणि मुलगी तेथे आनंदाने जायला तयार हवी. तिसरी अट बहुतेक घरांत विसरली जाते. जेथे जायचेच नाही, ते नाव खात्रीचे नव्हेच.

अशी नावे शोधणे अवघड नाही. अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी सर्वसाधारण प्रवेशाची किमान अर्हता उघडपणे जाहीर करते. ठरावीक शालेय विषयांत चारपैकी तीन सरासरी हा तिचा एक निकष आहे. अभियांत्रिकीसारख्या शाखांचे निकष अधिक कडक असतात, तेही आधीच वाचता येतात. टेक्सासमध्ये १९९७च्या कायद्याने शाळेतील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्य विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनसाठी ही मर्यादा याहून कडक आहे आणि हव्या त्या शाखेची हमी तेथेही नाही. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन वर्षे शिकून, ठरलेले निकष पूर्ण केल्यास, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा परिसरांत हमीचा प्रवेश मिळवता येतो.

त्यानंतर जुळणाऱ्या संस्थांची चार-पाच नावे. येथे ऐकीव माहितीऐवजी ‘कॉमन डेटा सेट’ उपयोगी पडतो. बहुतेक विद्यापीठे हा तक्ता दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. त्याच्या ‘सी’ विभागात किती अर्ज आले, किती स्वीकारले, निवडीत कोणत्या गोष्टीला किती महत्त्व दिले आणि प्रवेश घेतलेल्यांचे गुण कोणत्या पट्ट्यात होते, हे सारे असते. मुलीचे गुण त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी असतील आणि प्रवेशाचे प्रमाणही बरे असेल, तर नाव जुळणारे समजावे. जेथे शंभरांतून दहांनाच घेतात, तेथे उत्तम गुण असूनही नाव आकांक्षेचेच राहते. ज्या संस्थांत एसएटी ऐच्छिक आहे, तेथील पट्टा गुण कळवणाऱ्यांचाच असल्याने तो जरा चढा दिसतो, हेही लक्षात ठेवावे.

शाखेचा विचार वेगळा करावा लागतो. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन परिसरात किंवा सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात संगणकशास्त्राला थेट प्रवेश मिळणे हे विद्यापीठात प्रवेश मिळण्यापेक्षा पुष्कळच कठीण आहे. नुसता विद्यापीठाचा आकडा पाहून अशा नावाला जुळणारे म्हणणे ही नेहमीची चूक. आकांक्षेची दोन-तीन नावे सर्वांत शेवटी लिहावीत. ती जरूर असावीत, पण त्यांच्या भरवशावर यादी उभी नसावी.

न बोललेला आकडा

सर्वांत अवघड गोष्ट गुणांची नसते, पैशांची असते. अनेक घरांत वडील मुलांना आकडा सांगत नाहीत; ‘तू अभ्यास कर, बाकीचे मी बघतो’ एवढेच म्हणतात. त्या शब्दांत माया असते, पण एप्रिलमध्ये प्रवेशपत्र हाती आल्यावर ‘हे झेपणार नाही’ म्हणावे लागले, तर तो नकार डिसेंबरच्या नकाराहून जिव्हारी लागतो. कारण तो घरातून येतो.

संघराज्याच्या कायद्यानुसार २०११पासून विद्यापीठांच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचा अंदाज देणारा गणक असतो. घरचे उत्पन्न आणि बचत भरली की वर्षाचा अंदाजे खर्च कळतो. मात्र आईवडील एच-१बी व्हिसावर आणि मुलगी एच-४वर असेल, तर या गणकावर विसंबू नये. तिला संघराज्याची शैक्षणिक मदत मिळत नाही आणि पुष्कळ खासगी संस्था मदतीपुरते तिला परदेशी विद्यार्थ्यांत गणतात. राज्य विद्यापीठात स्थानिक दराची फी लागू होईल की नाही, याचे नियम राज्यागणिक बदलतात. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, तोवर हिरवे कार्ड आले नाही तर सामान्यतः विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. हे प्रश्न प्रवेश कार्यालयाला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे.

आहाराची चौकशीही याच वेळी करावी. पहिल्या वर्षी वसतिगृहाची खानावळ सक्तीची आहे का, शाकाहारी अन्नाची भांडी वेगळी असतात का, कांदा-लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असणाऱ्याला रोज काय मिळेल, हे खानावळीच्या कार्यालयाला विचारता येते. चार वर्षे जेथे राहायचे, तेथील ताटाचा विचार गौण नाही.

दोन आठवड्यांचे काम

शाळेला नाताळची सुटी लागण्यापूर्वी समुपदेशकांना नवी नावे कळवावीत, म्हणजे गुणपत्रक व शिफारसपत्रे वेळेत जातील. नाकारलेला अर्ज इंग्रजीच्या शिक्षकांसारख्या एखाद्या जाणत्या व्यक्तीला दाखवावा; मुख्य निबंधात मुलगी दिसते की नुसती पारितोषिके, हे परक्या डोळ्यांना लवकर कळते. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, टफ्ट्स, एमरी अशा काही संस्थांत बांधिलकीची दुसरी फेरीही असते. ती संस्था मनापासून हवी असेल आणि खर्च आधीच तपासला असेल, तरच त्या वाटेने जावे. बांधिलकीत प्रवेश मिळाला की इतर संस्थांच्या आर्थिक प्रस्तावांशी तुलना करण्याची संधी जाते. घाबरून बांधून घेणे हे पहिल्या नकारावरचे औषध नव्हे.

त्या न्यू जर्सीच्या घरात तिसऱ्या दिवशी वही पुन्हा उघडली जाते. या वेळी वडील आधी वर्षाचा आकडा लिहितात आणि मुलगी तो प्रथमच पाहते. क्षणभर शांतता. मग ती विचारते, “बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?” दहा नावांतील आठ खोडली जातात. शाळेच्या समुपदेशिकेच्या आग्रहावरून नोव्हेंबरातच अर्ज केलेले राज्य विद्यापीठ सर्वांत वर येते. आई प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारते, “एवढंच एक दार उघडं राहिलं, तर आनंदाने जाशील का?” जेथे मुलगी थबकते, ते नाव गळते. शेवटी आठ उरतात : दोन खात्रीची, चार जुळणारी, दोन आकांक्षेची.

बहुतेक विद्यापीठांना उत्तर देण्याची तारीख १ मे असते. तोवर काय होईल हे कोणालाच सांगता येत नाही. परंतु वहीतील आठही नावे तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली असतात आणि त्यांतील कोणतेही आले तरी ते तिचेच असणार असते. आई झाकलेले ताट पुन्हा गरम करते. या वेळी तिघेही एकत्र जेवायला बसतात.