भित्रा आणि भ्याड

पाल दिसली की पलंगावर चढून बसणाऱ्या पोराला आपण ‘भित्रा कुठला!’ म्हणतो. त्यात राग नसतो, मायाच असते. त्याच पोराला कुणी ‘भ्याड’ म्हटलं, तर आईला ते लागेल. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘भिणे’च आहे, पण भित्रेपणा हा स्वभाव झाला आणि भ्याडपणा हा आरोप. मित्रावर खोटा आळ आलाय हे ठाऊक असून साहेबापुढे मान खाली घालून बसतो, तो भ्याड. भीती कुणाला चुकलेली नाही. तिच्यापायी आपलं माणूस किंवा आपलं काम वाऱ्यावर सोडलं, तरच हा शब्द लावावा.

या कुळात शब्दांना तोटा नाही. ऐन वेळी माघार घेणारा कच खातो, आधी गुरगुरून मग गप्प होणारा शेपूट घालतो, नेभळटाला धड ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘भागूबाई’ आणि ‘बांगड्या भर’ मात्र आपण बोलण्यातून काढूनच टाकावेत. बाईचं नाव नि बाईचा दागिना ही शिवी व्हावी, असं बायकांनी काय केलंय?

मला खरी काळजी वाटते ती हा शिक्का कायमचा बसतो याची. कौरवसेना पाहून विराटपुत्र उत्तर रथातून उडी टाकून पळाला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तोच उत्तर कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी शल्याशी लढताना मारला गेला, हे फारसं कुणी सांगत नाही.

पहिल्या महायुद्धात तर ब्रिटिश सैन्यात हा शिक्का जिवावर बेतायचा; भ्याडपणाला देहदंड होता. तोफांच्या भडिमाराने मन खचलेला हॅरी फार हा सैनिक १९१५ मध्ये पाच महिने रुग्णालयात होता. पुढच्या सप्टेंबरात आघाडीवर जायला त्याचे पाय उचलेनात. लष्करी न्यायालयात त्याच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं; सुनावणी वीसेक मिनिटांत आटोपली. ऑक्टोबर १९१६ मध्ये एका पहाटे त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या विधवेचं निवृत्तिवेतनही बंद झालं. भ्याडपणा, पलायन अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश संसदेने २००६ मध्ये माफी दिली, तेव्हा हॅरीची मुलगी ९३ वर्षांची होती. माफीच्या त्या कायद्याने दोषी ठरवणारे मूळ निकाल मात्र रद्द केले नाहीत.