नुसतं ‘बोला’ म्हणून कोणी बोलत नाही

‘आता जर्मनमध्ये बोला’ म्हटलं, की वर्ग वहीत डोकं घालतो. पुण्यात जर्मनच्या ए-वन, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचे वर्ग घेताना मला पटलंय, की या गप्प बसण्याचं खापर विद्यार्थ्यांच्या लाजाळूपणावर फोडू नये. सगळं फळ्यावर लिहिलेलं असेल, तर कोण कुणाला काय विचारणार?

म्हणून मी माहिती वाटून देते. जोडीतल्या एकाच्या कागदावर भाजी-फळांचे निम्मे भाव, जोडीदाराच्या कागदावर उरलेले. कागद दाखवायचा नाही, मराठी-इंग्रजी बोलायचं नाही आणि शेवटी दोघांची बेरीज जुळली पाहिजे.

एक मुलगी सफरचंदांचा भाव सांगते, ‘द्राय-उंड-फ्युन्फत्सिश’. जोडीदार ३५ लिहितो. भाव असतो ५३ सेंट. मराठीसारखाच जर्मनमध्येही एकक आधी येतो, पण आकडे इंग्रजीतून पाठ केलेल्यांची इथे हमखास गडबड होते. बेरीज जुळत नाही. ‘वी बिटे?’ (काय म्हणालीस?) तो विचारतो. ती सावकाश पुन्हा सांगते, तो खोडून ५३ करतो. मी मध्ये पडत नाही. फिरता फिरता कानावर आलेल्या चुका टिपते आणि नंतर कुणाचंही नाव न घेता फळ्यावर मांडते.

सगळ्या वर्गाला प्रश्न विचारला, की मात्र थांबायचं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला विज्ञानाच्या वर्गांत आढळलं होतं, की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबतात; ३ सेकंद थांबले तर उत्तरं मोठी होतात आणि एरवी गप्प असणारेही बोलतात. परक्या भाषेत तर वाक्य जुळवायलाच वेळ लागतो. त्यामुळे आधी मनाशी विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं आणि मग वर्गापुढे उत्तर, हा क्रम मी मोडत नाही.

हिशेबही सरळ आहे. ३० जणांच्या तासाभराच्या वर्गात एकेकाला उभं केलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला फार तर २ मिनिटं येतात. जोड्यांना १० मिनिटं दिली, तर तेवढ्यातच प्रत्येकाला ५ मिनिटं मिळतात. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या ए-वन परीक्षेतही तोंडी भाग गटात होतो; कार्ड उचलून उमेदवार एकमेकांनाच प्रश्न विचारतात.

परभाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: उद्याच्या धड्यातली निम्मी माहिती एकाला द्या, निम्मी दुसऱ्याला. मग ‘बोला’ असं सांगावं लागणार नाही.