नृत्यकक्षाची जमीन

नृत्यकक्षाची जमीन : घरातील नृत्यसरावाच्या खोलीत पदाघात सोसण्यासाठी केलेली जमीन. लावणी, कथक व भरतनाट्यम् ही नृत्ये अनवाणी केली जात असून त्यांत पाऊल वारंवार आपटले जाते. त्यामुळे अशा जमिनीची निवड केवळ काठिण्यावरून करता येत नाही.

पुणे-सोलापूर मार्गावरील कासुर्डीच्या पूर्वेस, चौफुला (ता. दौंड) येथील कलाकेंद्रांत संगीतबारीची लावणी सादर होते. या परिसरातील घरांत शेणाने सारवलेली भुई व शहाबादी फरशी पूर्वापार आढळतात. सारवलेली भुई पायास सुखद, पण लवकर उखडणारी असते. शहाबादी फरशी हा कर्नाटकातील चुनखडक असून ती दीर्घकाळ टिकते. परंतु काँक्रीटवर बसविल्यास ती लवत नाही. परिणामी आघात टाच, नडगी व गुडघा यांना सोसावा लागतो आणि सततच्या सरावाने ते दुखावतात. म्हणजे फरशी टिकते, पाय टिकत नाहीत.

लवचिक लाकडी जमिनीत हे दोन्ही साधते. रबरी तुकड्यांवर लाकडी पट्ट्यांची चौकट बसवून तीवर प्लायवुडचे दोन थर सांधे चुकवून ठोकतात व वर सागाच्या फळ्या जडवितात. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून भिंतीलगत सु. १० मिमी. फट राखतात. खाली ओलरोधक थर घालणे व लाकडावर वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया करणे आवश्यक असते. मेणाच्या झिलईने पाय घसरतो. म्हणून मंद चमकेचे रोगण देतात. फरशीवर नुसते पातळ व्हिनिल अंथरल्यास घसरण कमी होते, आघात मात्र तसाच राहतो.