निंबोळीचा संथ मार

१९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली. टोळ कडुनिंबावर बसत, पण पाने न खाताच उडून जात, हे हाइनरिख श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या नजरेत भरले. धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालणाऱ्या आपल्या आजीला यात नवल वाटले नसते. अर्थात टोळ का उडतात, हे तिलाही ठाऊक नव्हते.

उत्तर मुख्यतः निंबोळीच्या बीत आहे. १९६८ साली इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी तिच्यातून ॲझाडिरॅक्टिन वेगळे काढले. हे द्रव्य अळीला जागीच मारीत नाही. तिची खाण्यावरची वासना उडते आणि कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाचा मेळ बिघडतो. अळी जुन्या कातीतच अडकते. मरायला काही दिवस लागतात, पण तोवर तिचे कुरतडणे बरेचसे थांबलेले असते.

हे ‘काही दिवस’च आपल्याला सोसत नाहीत. सकाळी फवारले की संध्याकाळी अळ्यांचा सडा दिसावा, ही सवय रासायनिक औषधांनी लावली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा त्या औषधांची किंमत सगळ्यांना दिसली.

निंबोळी अर्काची कृती सोपी आहे. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, साबणाचे पाणी घालून शंभर लिटर करायचे. तरी मी पहिल्या वर्षी चुकलोच. अर्क म्हणजे काढा, या समजुतीने तो उकळला आणि शेजाऱ्याच्या वांग्यांवर भर दुपारी फवारला. उष्णता आणि ऊन, दोन्ही या द्रव्याचे वैरी. आठवड्याने शेजाऱ्याने चाळणी झालेले एक पान माझ्या हातात ठेवले. बोलला काहीच नाही.

युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ साली बुरशीवरच्या कडुनिंब-तेलाचे पेटंट डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी आणि अमेरिकी कृषिखाते यांना दिले होते. ते २००० साली रद्द झाले. अपील २००५ साली फेटाळले गेले. त्या विजयाचा आपल्याकडे फार गाजावाजा झाला. निंबोळ्या मात्र अजूनही झाडाखाली पहिल्या पावसात कुजतात.

मी त्या पावसाआधी वेचून सावलीत वाळवतो. यंदा शेजारी अर्धे पोते घेऊन गेला. जाताना मलाच बजावले, “फवारणी दिवेलागणीला करायची बरं का!”