हिरव्या गालाचा चेहरा

वडिलांचे एकच छायाचित्र आमच्याकडे उरले होते. कृष्णधवल, पोस्टकार्डाहूनही लहान. त्यावरून तैलचित्र करायचे ठरवले आणि पहिल्याच दिवशी अडलो. त्यांच्या कातडीचा नेमका रंग आठवेना. गव्हाळ, तांबूस, तपकिरी अशी मिश्रणे करून पाहिली. हाती आला तो चिखल.

सुटका झाली ती अभिव्यक्तिवादी चित्रकारांमुळे. १९०५ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे वास्तुशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांनी ‘पूल’ या अर्थाच्या नावाचा एक गट काढला. दिसते तसे रंगवण्यापेक्षा मनाला जाणवते तसे रंगवावे, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्यातील किर्शनरने १९१५ साली सैनिकी गणवेशातले स्वतःचे चित्र काढले. त्यात त्याचा उजवा पंजा तुटलेला आहे. प्रत्यक्षात त्याचा हात शाबूत होता!

पण गाल हिरवा केला तरी चेहरा चेहराच का वाटतो? वस्तूचा घाट आपण ओळखतो तो मुख्यतः उजेड-सावलीच्या फरकावरून. रंगछटेचा त्यात वाटा थोडा. म्हणून तर कृष्णधवल छायाचित्रातला माणूस आपल्याला ओळखू येतो. आता, प्रत्येक रंगाला स्वतःचा उजळपणा असतो. आपला डोळा पिवळसर हिरव्या प्रकाशाला, म्हणजे सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीला, सर्वांत संवेदनशील असतो. निळ्या टोकाकडे ही संवेदनशीलता खूपच कमी होते. नळीतला पिवळा रंग उजळ आणि अल्ट्रामरीन निळा काळपट दिसतो, त्याचे हे एक कारण. तेव्हा उजळपणाचा क्रम सांभाळला की रंग कोणताही चालतो. आमच्या जुन्या छायाचित्रात नेमका हा क्रमच तर होता!

कपाळ पिवळे केले, उजेडातला गाल नारिंगी, सावलीतला हिरवा, हनुवटीखाली निळा. तरीही नाक गायब! मोबाइलने चित्राचा फोटो घेऊन त्यातले रंग काढून टाकले, तेव्हा चूक कळली. नारिंगी आणि हिरवा दोन्ही सारख्याच करड्या रंगाचे दिसत होते. हिरव्यात थोडा निळा मिसळला आणि नाक वर आले. वर्गात हा प्रयोग रंगीत कागदाच्या तुकड्यांवरही करता येईल. मुलांनी आधी उजळपणाचा क्रम लावावा आणि मग फोटोशी ताडून पाहावा. तांबड्या रंगाजवळ बहुतेक जण फसतात.

तैलरंग पाणी उडून वाळतो, असा एक समज आहे. त्यात पाणी नसतेच. रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटलेली असते. या तेलातील लिनोलेनिक आम्लाच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात. तेथे हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, रेणू एकमेकांत गुंतून जाळे बनते; सुरुवातीला तर वजन वाढते. दोन काचपट्ट्यांवर जवसाचे आणि खोबऱ्याचे तेल अगदी पातळ पसरून दोन-तीन आठवडे ठेवा. जवसाचे धरून घट्ट होईल, खोबरेल होणार नाही. चित्रकार पहिला थर टर्पेंटाइनने पातळ करतात आणि वरच्या थरांत तेल वाढवत नेतात, तेही यामुळेच. उलट केले तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा मागाहून वाळताना हलतो, आणि तडे जातात. (टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या हव्यात. काही रंगांत कॅडमियमसारखे विषारी धातू असतात, तेव्हा हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नये.)

नवव्या दिवशी आत्या आली. चित्रात कोण आहे हे आम्ही सांगितले नव्हते. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “दादा कुणावर एवढा चिडलाय रे?” मग तिने त्या हिरव्या गालाला हात लावला. तिथला थर जाड होता, अजून ओला होता. तिचे बोट हिरवे झाले.